गेटच्या आतला उशीर : अंबडजवळच्या एका साइटवरच्या मालपुरवठ्याचा अभ्यास

मे महिना. बी इमारतीच्या दुसऱ्या मजल्याचा स्लॅब. सकाळी साडेअकरा वाजले होते आणि स्लॅब निम्माही झाला नव्हता. पंप धडधडत होता, पण त्याच्या हॉपरमध्ये माल नव्हता. व्हायब्रेटर धरणारी पोरं सेंटरिंगच्या सावलीला बसलेली. मी खाली उतरून गेटकडे गेलो, तर गेटच्या बरोबर मधोमध सळयांचा ट्रेलर आडवा अडकलेला. पुढची चाकं आत, शेपूट रस्त्यावर. हायड्रा (माल उचलायची फिरती क्रेन) यायचा होता म्हणून तो तिथंच थांबला होता. त्याच्यामागे उन्हात काँक्रीटचे दोन मिक्सर उभे.

पहिल्या मिक्सरचा ड्रायव्हर शिडीवर चढून ड्रमच्या तोंडात पाण्याचा पाइप धरून उभा होता. मी खालूनच ओरडलो, "मामा, पाणी बंद करा!"

त्यांनी पाइप काढला नाही. वरूनच म्हणाले, "साहेब, घंटाभर झाला उभा हाव. कोन्ही इचारंना. माल कडक झालाय, पंपात जायचा नाही. आता म्या काय करू, तुम्हीच सांगा."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. प्लँटपासून आमच्यापर्यंत पन्नास मिनिटं, वर गेटवर तासभर. तयार काँक्रीटच्या (आरएमसीच्या) भारतीय मानकात, आयएस ४९२६ मध्ये, भरल्यापासून २ तासांत माल उतरवून झाला पाहिजे अशी अट आहे. ती वेळ संपत आली होती, ट्रेलर हलायला अजून अर्धा तास लागणार होता, आणि उन्हाचा पारा चाळिशीच्या पुढे गेला होता. पाणी घातलं की माल पातळ दिसतो, पंपातून सुटतो, सगळ्यांची वेळ निभावते. पण पाणी आणि सिमेंटचं प्रमाण बिघडलं की काँक्रीटची ताकद उतरते आणि ती नंतर कशानंही परत येत नाही. तो मिक्सर आम्ही परत पाठवला. सहा घनमीटर माल वाया गेला. ओतकाम एका गाळ्याच्या मधल्या भागात, जिथं शिअर (कातरण्याचा ताण) कमी असतो तिथं, फळी लावून थांबवलं. उरलेला स्लॅब दुसऱ्या दिवशी जोड देऊन पुरा केला.

त्या संध्याकाळी ऑफिसात बैठक झाली. वहीत कारण लिहिलं गेलं : "आरएमसीच्या गाड्या उशिरा आल्या." मी त्या साइटवर नियोजनाचं काम बघायला येऊन तीन महिने झाले होते, आणि हे वाक्य मी तोवर इतक्यांदा वाचलं होतं की त्याच्यावरचा माझा विश्वासच उडाला होता. त्या दिवशी उशीर कुठं झाला ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

काम कसं होतं ते थोडक्यात सांगतो. विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या तीन इमारती, तळमजला अधिक तीन. जालना–वडीगोद्री रस्त्यावर, अंबडच्या अलीकडे. मुख्य रस्त्यापासून आत जायला पांदण, दोन्ही बाजूंना कपाशीची काळी रानं. गेट एकच. लोखंड जालन्याहून, काँक्रीट जालन्याच्या बाजूच्या प्लँटवरून, खडी आणि क्रश सँड (दगड दळून केलेली वाळू) क्रशरवरून, सिमेंट जालन्याच्या डीलरकडून, राखेच्या विटा परळीच्या बाजूने. जालन्याच्या एमआयडीसीत सळयांच्या मिलांची रांग आहे. देशभर इथून सळई जाते. त्या मिलांपासून तासाभराच्या अंतरावर असूनही आमचे फिटर लोखंडाची वाट बघत बसायचे, याची मला खरोखर लाज वाटायची.

मालक लोकांचा समज असा होता की मालवाहतूक म्हणजे भाडं. टनामागे भाडं कमी मिळालं की खरेदी विभागाचं काम फत्ते. माझ्या मते साइटवर मालवाहतुकीची गुणवत्ता एकाच ठिकाणी कळते : गवंडी थापी पुढे करतो किंवा फिटर हात पुढे करतो, त्या क्षणी लागेल तो माल, लागेल तेवढा, धडधाकट आणि कागदपत्रांसकट तिथं आहे की नाही. गाडी गेटवर वेळेत येणं हा त्यातला एक तुकडा झाला.

चार वेळांची वही

दुसऱ्या दिवशी मी वॉचमनच्या हातात दोनशे पानी वही दिली. आडव्या रेघेवर गाडीचा नंबर आणि माल. पुढे चार रकाने : कधी बोलावली होती, गेटवर कधी आली, उतरवायला कधी सुरुवात झाली, बाहेर कधी पडली. वॉचमन सातवी शिकलेले. सुरुवातीला ते म्हणाले, "साहेब, माझं अक्षर कुणाला लागत नाही." मी म्हटलं, आकडे लागले की झालं. त्यांनी ती वही मन लावून लिहिली. रात्री आलेल्या गाडीची वेळ टॉर्चच्या उजेडात लिहिलेली असायची आणि ओळ थोडी वर चढलेली असायची, त्यावरून मला कळायचं की ही रात्रीची नोंद.

तीन आठवड्यांनी वही घेऊन बसलो. पहिला धक्का पहिल्याच रकान्यात. कितीतरी गाड्यांपुढे तो रकाना कोरा होता, कारण ती गाडी आज येणार हे साइटवर कुणालाच ठाऊक नव्हतं. खरेदीवाल्यांनी मिलला फोन केला, मिलने ट्रेलर भरला, ड्रायव्हर निघाला. स्लॅबच्या दिवशी गेटात अडकलेला तो ट्रेलर असाच आलेला.

दुसरा धक्का मोठा. ठरल्या वेळेपेक्षा खरोखर उशिरा आलेल्या गाड्या मोजायला दोन्ही हातांची बोटं जवळपास पुरली. पण गेटवर आल्यानंतर तासाहून जास्त अडकून पडलेल्या गाड्या त्याच्या दुपटीहून अधिक होत्या. सिमेंटचा ट्रक तीन-तीन तास उभा, कारण हमाल विटा उतरवत होते. लोखंडाची गाडी अर्धा दिवस उभी, कारण हायड्रा सी इमारतीच्या मागे आणि त्याला पुढे यायला रस्ता खडीच्या ढिगाने अडवलेला. काही गाड्या कागदासाठी उभ्या : मिलचं टेस्ट सर्टिफिकेट सोबत नाही, म्हणून क्वालिटीवाले उतरवू देईनात, आणि सर्टिफिकेट मागवायला फोनवर फोन.

म्हणजे ज्याला आम्ही वाहतुकीचा उशीर म्हणत होतो, त्यातला मोठा भाग आमच्याच गेटच्या आतला होता. हे बैठकीत मांडलं तेव्हा खरेदीवाले आणि साइटवाले एकमेकांकडे बघत राहिले. वही वॉचमनच्या अक्षरात होती, तिला खोटं पाडण्यात कुणाचा फायदा नव्हता. म्हणूनच ती सगळ्यांना मान्य करावी लागली.

काँक्रीटचं गणित

सगळ्यात आधी स्लॅबचा प्रश्न हाती घेतला, कारण तिथं चूक झाली की ती इमारतीत कायमची राहते.

एका मिक्सरची एक फेरी आम्ही घड्याळ लावून मोजली. प्लँटवर भरायला १५ मिनिटं, यायला ५०, वळून पंपाला लागायला १०, रिकामा व्हायला २०, परत जायला ४५, धुवायला १०. एकूण १५० मिनिटं. आम्ही आजवर चार मिक्सर मागवत होतो. १५० भागिले ४ म्हणजे सदतीस-अडतीस मिनिटांना एक गाडी, तीही सगळ्या सारख्या अंतराने धावल्या तर. पंप वीस मिनिटांत मोकळा होतो आणि पुढची सतरा-अठरा मिनिटं नुसता उभा. आमच्या स्लॅबला साधारण ११० घनमीटर माल लागायचा, म्हणजे ६ घनमीटरच्या १९ फेऱ्या. चार गाड्यांत ते काम साडेअकरा तासांच्या आत संपणं शक्यच नव्हतं. म्हणजे मे महिन्यातलं अख्खं ऊन अंगावर घ्यायचं, हे आम्ही स्वतःच ठरवून टाकलं होतं, फक्त कागदावर भागाकार केला नव्हता.

शिवाय त्या गाड्या सारख्या अंतराने धावतच नव्हत्या. पहाटे प्लँटवरून चारही एकामागोमाग सुटायच्या आणि आमच्याकडे एकामागोमाग यायच्या. पहिली रिकामी होईतो बाकीच्या तीन उन्हात. मग चारही एकदम परत, आणि पंप तासभर सुना. ओतलेल्या काँक्रीटची कड तोवर घट्ट व्हायला लागलेली असते. चाळिशीच्या पुढच्या उन्हात ती फार वेळ थांबत नाही. त्या कडेवर नवा माल पडला की दोन थरांत नीट जोड बसत नाही, आणि पावसाळ्यात नेमकी तिथून ओल दिसायला लागते.

पुढच्या स्लॅबला सहा मिक्सर मागवले. १५० भागिले ६, पंचवीस मिनिटांना एक. प्लँटच्या माणसाला सांगितलं, पहिल्या सहा गाड्या पंचवीस मिनिटांच्या अंतराने सोडा, एकदम भरून उभ्या करू नका. पाचवी गाडी सुटण्याआधी माझा फोन घ्या : पंप सुरळीत आहे असं मी म्हटलं तरच पुढची भरा. आणि सुरुवात रात्री दहाला. १९ फेऱ्या पंचवीस मिनिटांनी म्हणजे आठ तास. सकाळी सहाला शेवटचा मिक्सर.

रात्रीचं काम म्हटल्यावर मुकादम नाराज होते. दिवे, जनरेटर, माणसांचं जेवण, दुसऱ्या दिवशीची सुट्टी, हे सगळं आधी बोलून घ्यावं लागलं. शेजारच्या वस्तीवरच्या लोकांना जाऊन सांगावं लागलं की एक रात्र आवाज होईल. प्लँटवाल्यांनी रात्रीचा वेगळा दर लावला. त्याबद्दल मला वरून बोलणी बसली. पण परत पाठवलेल्या एका मिक्सरची किंमत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लावलेल्या पंपाचं भाडं पुढे ठेवलं, तेव्हा तो विषय मिटला.

त्या रात्री प्रत्येक गाडीचं चलन, म्हणजे मालासोबतचा कागद, मी स्वतः बघत होतो. भरल्याची वेळ, गेटवरची वेळ, आणि स्लम्प, म्हणजे काँक्रीट किती पातळ आहे त्याचं माप. ज्या गाडीचा स्लम्प कमी आला तिला पाणी न घालता प्लँटच्या तंत्रज्ञाने ठरलेल्या मात्रेत प्लास्टिसायझर (माल सैल करणारं रसायन) दिलं आणि ड्रम फिरवून पुन्हा स्लम्प घेतला. प्लँटचा माणूस साइटवर हजर ठेवायची अट आम्ही ऑर्डरमध्येच घातली होती. ड्रायव्हरच्या हातात पाण्याचा पाइप जायचं कारणच उरलं नाही.

शेवटचा मिक्सर सहाऐवजी सव्वासातला लागला. मध्ये पाइपलाइन एकदा तुंबली होती, ती उघडून साफ करण्यात वेळ गेला. तरी जोड न देता पुरा झालेला तो आमचा पहिला स्लॅब.

लोखंड

लोखंडाची कथा वेगळी. तिथं माल वेळेत येऊनही वेळेत मिळत नव्हता.

अख्ख्या इमारतीचं लोखंड एका दमात मागवायचं, पंचवीस टनांचा ट्रेलर भरून आणायचा, म्हणजे भाडं कमी बसतं, ही जुनी पद्धत. ट्रेलर आला की ८, १२, १६, २० मिलिमीटर, सगळ्या सळया बारा-बारा मीटर लांब, एकावर एक. हायड्राने बंडल उचलून जिथं जागा मिळेल तिथं टाकायची. चार दिवसांनी कॉलमसाठी २० मिलिमीटर लागली की ती तळाला. मी एकदा बसून पाहिलं : सहा फिटर, दोन पहारी, आणि सळयांच्या ढिगाखालून एक-एक सळई ओढून काढण्याचं काम. सकाळी आठला सुरू केलेलं जेवणाच्या सुट्टीपर्यंत चाललं. एका पोराच्या हाताला सळईचं टोक लागून रक्त आलं. त्याने रुमाल बांधला आणि पुन्हा ओढायला लागला. हा खर्च कोणत्या बिलात दिसतो? कुठल्याच नाही. म्हणून तो कुणी मोजत नाही.

आम्ही बार बेंडिंग शेड्यूलवरून, म्हणजे कोणती सळई किती लागणार त्या तक्त्यावरून, एकेका स्लॅबपुरती मागणी काढायला सुरुवात केली. ट्रेलरऐवजी छोटी गाडी, आठ-दहा टनांची, जी गेटातून एका झटक्यात आत वळते. मिलला काही गोष्टी सांगितल्या : प्रत्येक मापाच्या सळयांची वेगळी बंडलं, दोन थरांमध्ये लाकडी ठोकळे, आणि सळयांच्या टोकांना इमारतीप्रमाणे रंग. ए लाल, बी पिवळा, सी निळा. जी आधी लागणार ती सगळ्यात वर. मिलने रंगाचे पैसे घेतले नाहीत. हमाल तिथलेच होते, डबा आमचा होता.

टनामागे भाडं वाढलं, हे खरं. त्यावरून वाद झालाच. पण उतरवायला लागणारा वेळ, हायड्राचे तास आणि ट्रेलरचं हॉल्टिंग (उभं राहण्याचं भाडं) कमी झालं. त्याहून मोठं म्हणजे फिटर सकाळी आठला सळई कापायला लागले.

मोजणीचंही इथंच सांगतो, कारण बऱ्याच साइटवर वजनकाट्याच्या पावतीवर डोळे मिटून सही होते. सळईच्या मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२ म्हणजे एका मीटरचं किलोतलं वजन. १६ मिलिमीटरला १.५८ किलो, बारा मीटरची एक सळई सुमारे १९ किलो, टनात साधारण ५३ सळया. ८ मिलिमीटरला एक सळई पावणेपाच किलोच्या आसपास, टनात २११. आमच्या स्टोअरवाल्या काकांनी हे आकडे पत्र्याच्या पाटीवर रंगवून घेतले आणि पाटी काट्याच्या पावत्या जिथं तपासतात तिथं टांगली. वजन आणि नग, दोन्ही जुळले तरच सही. मानकात मापागणिक थोडा फरक चालतो, तोही पाटीवर लिहिला, म्हणजे ड्रायव्हरशी उगाच वाद नको.

क्रश सँडचं असंच, पण थोडक्यात. ब्रास म्हणजे १०० घनफूट, आणि ओली वाळू मापात फुगते. पाणी मारून आलेल्या हायवाचं (टिपर ट्रकचं) माप घेतलं की आपण पाण्याचे आणि हवेचे पैसे मोजतो. आम्ही वजनावर आलो आणि ओल वजा करायला लागलो. क्रशरवाले महिनाभर कुरकुरले.

मिरगाच्या आधी

जूनच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यांच्या डोळ्यांसमोर स्लॅब होता. माझ्या डोळ्यांसमोर पांदण होती. काळी माती कोरडी असते तेव्हा दगडासारखी, वरून भेगा. एक चांगला पाऊस झाला की तीच माती चाकाला अशी चिकटते की हायवाचं चाक जागच्या जागी फिरत राहतं. गावातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला सांगितलं होतं, "मिरगाच्या आत रस्ता करा, नाहीतर बैल बी येणार नाही." मी ते साइटवर सांगितलं, पण पैसे मंजूर व्हायला वेळ गेला. मृगाच्या दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी पाऊस पडला आणि खडीचा हायवा पांदणीत अर्ध्या चाकापर्यंत रुतला. जेसीबीने ओढून काढला. त्याच्यामागे सिमेंटचा ट्रक मुख्य रस्त्यावरच थांबला आणि हमालांनी डोक्यावर ताडपत्री घेऊन बॅगा ट्रॅक्टरने आत आणल्या. दोन दिवस असं चाललं. मग मोठ्या दगडाचं सोलिंग, त्यावर मुरूम, रोलर, आणि दोन्ही बाजूंना पाणी जायला चर. ते काम मे महिन्यात निम्म्या त्रासात झालं असतं. ही चूक आमची, आणि मी ती अहवालात तशीच लिहिली.

दुसरी चूक सिमेंटची. पावसाळ्याआधी भाव उतरला म्हणून ६०० बॅगा एकदम आणल्या. ३० टन. गोदाम त्याच्या निम्म्या मालाचं. मग थप्प्या पंधरा-पंधरा बॅगांच्या, भिंतीला चिकटून. आयएस ४०८२ सांगतं की थप्पी दहा बॅगांहून उंच नको, कारण वरच्या वजनाने खालच्या बॅगा दाबून गाठी होतात. भिंतीपासून मोकळी जागा सोडायची, आणि जमिनीवर न टाकता फळ्यांवर उचलून ठेवायच्या. हे आमच्यातल्या प्रत्येक इंजिनिअरने कॉलेजात शिकलेलं. तरीही जुलैच्या शेवटी काकांनी मला गोदामात बोलावलं. कोपऱ्यातल्या तळच्या बॅगेवर त्यांनी बोटाने टकटक केली. दगडासारखा आवाज आला. बॅग फाडली तर आत बॅगेच्याच आकाराचा धोंडा, वर सुतळीच्या शिवणीचा ठसासुद्धा उमटलेला. त्या कोपऱ्यातल्या सगळ्या तळच्या बॅगा तशाच निघाल्या. बॅगेमागे वाचवलेले पैसे त्यात गेले की नाही हा हिशोब मी करून दाखवला. भाव बघून सिमेंट भरणं त्यानंतर बंद झालं.

आता दहा दिवसांचं सिमेंट असतं, त्याहून जास्त नाही. प्रत्येक थप्पीला आल्याच्या तारखेची पाटी. आधी आलेली आधी जाते. तीन महिन्यांहून जुनी बॅग पुन्हा चाचणी केल्याशिवाय वापरायची नाही, पण तशी वेळच येत नाही.

कॅलेंडर आणि फळा

वहीतून आणखी एक गोष्ट निघाली, जी मला एकट्याला कधी सुचली नसती. खरोखर उशिरा आलेल्या गाड्या आठवड्याच्या एकाच वारी जास्त होत्या. वॉचमनना विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की हे विचारायचं असतं का. "बाजाराचा दिवस नं साहेब. गावातून गाडी निघतच नाही."

आम्ही महिनोन्‌महिने वेळापत्रक करत होतो आणि आठवडी बाजार त्यात नव्हता. त्या दिवशी ऑफिसच्या भिंतीवरचं कॅलेंडर गेटवरच्या खोलीत नेलं आणि वॉचमन, काका, मुकादम, दोन स्थानिक ट्रॅक्टरवाले असे बसून त्यावर खुणा केल्या. बाजाराचे दिवस. पोळा. नवरात्रातली मत्स्योदरी देवीची यात्रा, त्या दिवसांत अंबडमध्ये जड गाडी घालायची नाही. दिवाळीनंतर ऊस : परिसरात साखर कारखाने आहेत, गळीत सुरू झालं की दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर रस्त्यावर, आणि अंधार पडल्यावर त्यांच्या मागे अडकलेला मिक्सर म्हणजे पन्नास मिनिटांचे दीड तास. शिवाय मराठवाड्यातली निम्मी गावं त्या दिवसांत कोयता घेऊन बाहेर पडलेली असतात. हमाल मिळत नाहीत. हे सगळं इथल्या प्रत्येक माणसाला माहीत होतं. विचारलं कुणी नव्हतं.

गेटच्या खोलीबाहेर एक फळा लावला. आज आणि उद्या येणाऱ्या गाड्या, माल, वेळ, कोणत्या इमारतीला, कोण उतरवणार. आधी आम्ही मोबाइलवर ग्रुप काढला होता. त्यात सकाळच्या शुभेच्छा, फोटो आणि पन्नास निरोपांच्या खाली गाडीची बातमी बुडून जायची. फळा बरा. तो गेटातून जाताना दिसतोच. फळ्यावर नाव नसलेली गाडी आत घ्यायची नाही, हा अधिकार वॉचमनना दिला. पहिल्या आठवड्यात खरेदी प्रमुखांनी पाठवलेली गाडीच त्यांनी बाहेर थांबवली. मला फोन आला, आवाज चढलेला. मी वॉचमनच्या बाजूने उभा राहिलो. तिथं कच खाल्ली असती तर फळा दुसऱ्याच दिवशी शोभेचा झाला असता.

कागदांचंही फळ्याबरोबर जोडलं. गाडी निघायच्या आदल्या संध्याकाळी चलन, ई-वे बिल आणि टेस्ट सर्टिफिकेट यांचे फोटो काकांच्या मोबाइलवर यायला हवेत. खडी-वाळू असेल तर गौण खनिजाचा वाहतूक पास. ते आले तरच नाव फळ्यावर.

हे सगळं करूनही एक गोष्ट जमत नव्हती. चांगला ट्रान्सपोर्टर आमच्याकडे गाडी द्यायला टाळायचा. मी एकाच्या ऑफिसात जाऊन बसलो. चहा पाजला आणि त्यांनी सरळ सांगितलं, "साहेब, तुमच्याकडं माल टाकायला हरकत नाही. पण चलनाची सहीवाली प्रत परत मिळत नाही, प्रत नाही म्हणून बिल नाही, बिल नाही म्हणून पैसे नाहीत. ड्रायव्हरला रात्रभर गेटवर ठेवता, त्याला प्यायला पाणी नाही. मग मी चांगली गाडी तुमच्याकडं का लावू? जी कुठं चालत नाही ती तुमच्याकडं लावतो."

मला ते बोलणं लागलं, कारण ते खरं होतं. आपण सेवा मागत होतो आणि सेवेला लागणारी साधी माणुसकी देत नव्हतो. गाडी रिकामी झाली की काकांनी जागेवरच चलनावर सही-शिक्का करून प्रत ड्रायव्हरच्या हातात द्यायची, असं ठरलं. गेटजवळ पत्र्याची शेड, दोन बाजा, पाण्याचा माठ आणि शौचालय झालं. बिलं पंधरा दिवसांत निघायला लागली, याला मात्र मला मालकांकडे चार वेळा जावं लागलं आणि अजूनही एखाद्या महिन्यात ते पुढे ढकलतात. तेवढ्यावरही फरक पडला. अडचणीच्या दिवशी फोन केला की तेच ट्रान्सपोर्टर गाडी काढून द्यायला लागले.

विटांचा प्रश्न सुटलेला नाही. राखेच्या विटा ट्रॉलीतून पलटी केल्या की तुटतात. हाताने उतरवायच्या तर हमाल हवेत, आणि ऊसाच्या दिवसांत हमाल नाहीत. पट्टीने बांधलेल्या पॅलेटवर विटा मागवून हायड्राने उतरवायचा प्रयोग आम्ही दोनदा केला. विटावाल्याकडे पॅलेट कमी आणि ती परत पाठवायची कुणी, यावर अडलं. सध्या ट्रॉलीमागे तुटलेल्या विटा वेगळ्या मोजतो आणि त्या बिलातून वजा होतात. त्यामुळे ट्रॉलीवाले पलटी जरा हळू करतात, इतकंच.

सी इमारतीचा शेवटचा स्लॅब डिसेंबरात झाला. गळिताचे दिवस, म्हणून रात्रीऐवजी पहाटे चारला सुरुवात. ट्रॅक्टरांची गर्दी वाढायच्या आत बऱ्याच फेऱ्या झाल्या पाहिजेत, असा हिशोब. थंडी होती. दुसऱ्या की तिसऱ्या मिक्सरमधून मे महिन्यातलेच ते मामा उतरले. शेडमध्ये शाल गुंडाळून चहा घेत फळ्याकडे बघत बसले. फळ्यावर त्यांच्या गाडीचा नंबर होता, पुढे वेळ ४.५०. त्यांनी मनगटावरचं घड्याळ उजेडात धरलं, मला दाखवलं आणि म्हणाले, "पाच कमी हायेत अजून. लावू का पंपाला?"

"लावा, मामा," मी म्हटलं. वॉचमननी वहीत तिसरा रकाना भरला.